जुझीन मावशी लिफ्टमध्ये बसते

कंपनीची बस नाशिक फाट्यावरून वळते आणि माझे डोळे मिटायला लागतात. आता मिटतात, आत्ता! रात्रभर टक्क जागी होते तेव्हा कुठे गेली होती ही झोप? आज माझ्या नोकरीचा पहिला दिवस. माझ्याच काय, आमच्या घरातल्या कुठल्याही मुलीच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. म्हणजे किती पहिले झाले बघा!

मांडीवर आईनं दिलेलं पुडकं आहे. केळीच्या पानात बांधलेले फुगे, म्हणजे आम्हा वसईकरांचे तळलेले गोल पाव. वरून केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा. मी म्हटलं होतं, "आई, डब्यात दे की, लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत पानाचं पुडकं घेऊन जाऊ?" तर म्हणाली, "लिफ्टवाले काय पान बघून दार बंद करतात?" काल पापांनी मला टेम्पोनं पुण्याच्या होस्टेलवर सोडलं आणि निघताना एवढंच म्हणाले, "प्रिस्का, मिळालंय ते पदरात पाडून घे. पहिल्या दिवशी तोंड उघडू नकोस."

तेच तर डोक्यात घोळतंय. कारण आज तोंड उघडलं नाही, तर मी फोनवर बसणार. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात ना, तो फोन उचलायला. आणि मला जायचंय साइटवर. नव्या इमारतीत लिफ्ट बसवतात, तिची चाचणी घेतात, ती पहिल्यांदा वर जाते, तिथं! त्यासाठीच इंजिनिअर झाले मी. पण मुलाखतीत मी फोनला हो म्हणून बसलेय. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपल्या तोंडानं हो म्हटलं.

खिडकीची काच थंड आहे. तिला डोकं टेकते. शेजारच्या सीटवर कानात गाणी घालून बसलेली एक मुलगी आहे. मी डोळे मिटते, उघडते, परत मिटते.

"सरक की जरा. पाटी कुठे ठेवू मी, तुझ्या डोक्यावर?"

हा आवाज कोण विसरेल! शेजारी जुझीन मावशी बसलीय. लाल लुगडं, अंबाड्यात चाफा, मांडीवर ओल्या फडक्यानं झाकलेली मोगऱ्याची पाटी. माझी गॉडमदर. बाप्तिस्म्याला मला हातावर धरणारी, आणि पुढे सुट्ट्या लागल्या की मला पार्ल्याच्या फुटपाथवर शेजारी बसवून गजरे ओवायला लावणारी. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती वारली. याच लाल लुगड्यात तिला पुरलं, हातात जपमाळ देऊन. मी स्वतः माती टाकलीय.

"मावशी, तू तर गेलीस ना?"

"गेले ना. म्हणून तर सकाळी रिकामी असते. नाहीतर मला कुठला वेळ तुझ्या बसमध्ये बसायला?" ती बसभर मान फिरवते. "उभं कुणीच नाही? सगळ्यांना बसायला जागा? आणि तिकीट?"

"तिकीट नाही मावशी, कंपनीची बस आहे."

"अगं बाई!" ती सीटवर दोनदा उसळी मारून बघते. "आणि तिथं काय देतात? चहा? खुर्ची फिरती की साधी? पंखा डोक्यावर की लांब? सांग की गं, घुम्यासारखी काय बसलीस!"

मला रडू यायला हवं, पण येतं ते हसूच. मी भराभर सांगते. कॅन्टीन आहे, चहा दोनदा, खुर्ची बहुतेक फिरती, गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड. ती प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणते आणि पुढची मागते. निकाल लागला तेव्हा हे सगळं तिला सांगायचं राहून गेलं होतं. आता मी बोलत सुटते ती थांबतच नाही. हातवारे करते, लिफ्टच्या चाचणीला पूर्ण वजन भरून पाहतात ते सांगते, साइटवाल्यांना लोखंडी टोकाचे बूट मिळतात तेही सांगून टाकते.

"लोखंडी टोकाचे! दाखव बघू तुझे."

मी पाय सीटखाली ओढते. पायात साधे काळे सँडल. "मला नाहीत मिळणार. ते साइटवाल्यांना."

"मग तू कुठली?"

बस थांबलीय की काय कुणास ठाऊक, पण खिडकीत पार्ल्याचा फुटपाथ आहे. आम्ही गोणपाटावर बसलोय. सकाळची उन्हं, ओल्या पानांचा वास, मावशीच्या बोटांत सोपाचा दोरा. ती डावखुरी. तिची गाठ सगळ्यांच्या उलट पडायची आणि एकदा बसली की सुटायची नाही, दातानं तोडावी लागायची. बाकीच्या फूलवाल्या चिडवायच्या, "जुझीनचा गजरा नवरीलाच घाल, दुसऱ्या दिवशीही निघायचा नाही." मी तिच्या शेजारी मांडी घालून बसलेय, लहानपणी बसायचे तशी. पण अंगावर आजचा इस्त्रीचा शर्ट आहे.

"भवानी झाली का?" मी विचारते. आम्ही ख्रिस्ती, रविवारी मिस्सा चुकवायचो नाही. पण धंद्यावर बसलं की भवानी ती भवानीच. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, त्याला हात हलवत पाठवायचं नाही, नाहीतर दिवस वाया. पहिलं नाणं मावशी कपाळाला लावायची आणि मग त्यावरून बोटानं क्रूसही काढायची. दोन्हीकडून पक्कं!

"व्हायचीय," मावशी म्हणते. "हे बघ, आलंच तुझं गिऱ्हाईक."

समोरून साहेब येतात. माझ्या मुलाखतीचेच साहेब! टाय लावलेले, बगलेत माझं प्रोजेक्ट. बिस्किटाच्या डब्याची मी बनवलेली लिफ्ट, कॉलेजच्या गॅलरीत सगळ्या वर्गासमोर वर-खाली केलेली. साहेब फुटपाथवर उकिडवे बसतात आणि मोगरा निवडत म्हणतात, तेव्हा म्हणाले होते तसंच शब्दन्‌शब्द, "छान आहे हो. मार्क छान, प्रोजेक्ट छान. पण साइटवर आम्ही मुली पाठवत नाही. तक्रार विभागात फोनवर बसाल?"

"हो सर," मी म्हणते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत! तेव्हाही अस्संच झालं होतं. कॅम्पसवर आलेली ती पहिलीच कंपनी. बाहेर आल्यावर मैत्रिणी ओरडल्या होत्या, "अगं, निदान का नाही पाठवत ते तरी विचारायचंस!" त्यांना काय सांगणार? त्यांच्यातली कुणी फुटपाथवर वाढली नव्हती. माझ्या तर हाडात होतं की पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही.

आणि आता मी काय करते, तर मोगऱ्याची अख्खी पाटी दोन्ही हातांनी उचलते आणि साहेबांच्या हातात द्यायला जाते.

फाट्‌कन माझ्या हातावर फटका बसतो.

"ए शहाणे! हे काय चालवलंस?"

"भवानी आहे ना मावशी! तूच तर म्हणायचीस, परत पाठवायचं नाही."

"मग परत पाठव म्हणतंय कोण? एक गजरा दे की! एक!" ती माझ्या हातून पाटी हिसकावून घेते. "इतकी वर्षं बसलीस माझ्या शेजारी. पहिल्या गिऱ्हाइकाला अख्खी पाटी देताना बघितलंस कधी मला? मग उरलेला दिवस मी काय माश्या मारल्या असत्या?"

खरंच की. एक गजरा द्यायची ती. कधी जरा स्वस्त द्यायची, कधी कुरकुरत द्यायची, पण एकच. मग पुढचा सगळा दिवस भाव तिचा. लहान होते ना मी, मला फक्त पहिलं गिऱ्हाईक लक्षात राहिलं. त्यानंतर बहुतेक वेळ मी तिच्या मांडीवर झोपलेली असायचे.

"पण मावशी, आता मी शब्द देऊन बसलेय."

"दिलास तर पाळ. बस फोनवर. गजरा दिलाय तो नीट दे, फुलं शिळी देऊ नकोस." ती पाटीवरचं ओलं फडकं अर्धं बाजूला करते. आतून कळ्यांचा असा वास येतो की साहेबही वाकून बघतात. "पण पाटी झाकून ठेवू नकोस. फडकं बाजूला कर. तुझ्याकडे आणखी काय आहे ते झाकून ठेवलंस, तर त्या बापड्याला कळणार कसं? बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी पडल्याबरोबर असं भोकाड पसरलंस की फादर प्रार्थना विसरले. ती पोरगी कुठे गेली? आता नुसतं हो सर, हो सर!"

"पापा म्हणतात, तोंड उघडू नकोस."

"तुझा बाप भला माणूस आहे. पण त्यानं उभ्या जन्मात एक गजरा विकलाय का?"

मला खदखदून हसू येतं. पापांनी खरंच कधी विकला नाही. केळी पिकवली, टेम्पो चालवला, पण विकायला नेहमी आईला आणि मावशीला पुढे केलं. साहेब गजरा घेऊन, नाणं ठेवून निघून गेलेत, कळलंही नाही. मावशी नाणं कपाळाला लावते, क्रूस काढते आणि उठते. पाटी डोक्यावर घेते.

"चल, वरच्या मजल्यावरच्या बाईंचे गजरे द्यायचेत."

हा जिना मी ओळखते. अंधारा, कठड्याला तेलकट हात लागलेले. मावशीच्या गुडघ्यांची पुरती वाट लागली ती याच जिन्यावर. बाजूलाच लिफ्ट असायची, जाळीच्या दाराची, पितळी मुठीची. पण वॉचमन म्हणायचा, फूलवाल्यांनी जिन्यानं जायचं, लिफ्ट घरवाल्यांसाठी. मी विचारलं होतं, "आपण का नाही जायचं गं?" ती म्हणाली होती, "मला भीती वाटते त्या पेटीची." कितीतरी वर्षं मला ते खरंच वाटलं. जुझीन मावशी आणि भीती! विंचू चपलेनं मारणारी बाई ती.

आता मावशी पहिल्या पायरीवर गुडघा दाबत उभी आहे. माझ्या डोक्यात सणक जाते.

"थांब, मावशी. लिफ्टनं जाऊ."

"नको गं. तो बघ बसलाय." वॉचमन खुर्चीवर बसलाय, तोच, तसाच, पेपर वाचत. वर न बघताच म्हणतो, "फूलवाली, जिना तिकडे."

पण गळ्यात काहीतरी हलतं. माझं कार्ड, फोटोसकट. आणि खाली बघते तर पायात बूट! लोखंडी टोकाचे, जड, नवेकोरे. मी धाड धाड पावलं टाकत त्याच्यासमोर जाते.

"ही लिफ्ट आज सुरू होतेय," मी म्हणते. "चाचणी माझ्याकडे आहे. आणि ही पहिली बाई आहे, भवानीची. भवानीचं माणूस परत पाठवत नाहीत, ठाऊक आहे ना?"

वॉचमन पेपर खाली करतो. मावशीकडे बघतो, पाटीकडे बघतो. मग उठतो आणि स्वतः दार ओढतो. "या मावशी," म्हणतो.

मावशी आत पाय टाकते, मागे घेते, परत टाकते. "हलतंय गं!"

"ते हलायलाच बनवलंय!"

"पाटी जड आहे. चालेल?"

"अगं, चाचणीला पूर्ण भारच लागतो. आण अजून असतील तर!" मी असं म्हणायचा अवकाश, तिच्यामागून पाट्याच पाट्या आत येतात. मोगरा, जाई, सोनटक्का. तिनं आयुष्यभर जिन्यानं वर नेलेली सगळी फुलं. आम्ही दोघी कळ्यांत गुडघाभर उभ्या आहोत. मी बटणावर बोट ठेवते. चालली नाही तर? सगळी माझी जोडणी आहे.

"दाब की," मावशी म्हणते. "मी आहे ना."

दाबते. पेटी एक हिसका घेते आणि वर निघते.

"येशू-मारिया-जोजेफ!" मावशी किंचाळते आणि माझा दंड घट्ट धरते. मग डोळे उघडते, आणि लहान पोरीसारखी हसायला लागते. "चालली! प्रिस्का, चालली गं! पाय न हलवता चाललोय आपण!"

मीही ओरडतेय. आम्ही दोघी ओरडतोय. जाळीतून मजले खाली सरकतात. एका मजल्यावर आमचं चर्च आहे, मावशी एका हातात मेणबत्ती धरून उभी, दुसऱ्या हातावर मी भोकाड पसरलेली. एका मजल्यावर गास गावची आमची वाडी, केळीची पानं वाऱ्यानं फाटलेली. एका मजल्यावर कॉलेजची गॅलरी, सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय. आणि हे काय, समोरून काळं काहीतरी सर्रकन खाली जातं.

"ते काय गेलं?" मावशी दचकते.

"काउंटरवेट. वजन असतं ते. ते खाली जातं म्हणून आपण वर जातो. नाहीतर मोटरला एवढा भार झेपायचा नाही."

ती खट्याळपणे माझ्याकडे बघते. "म्हणजे मी खाली मातीत गेले, म्हणून तू वर चाललीस?"

"मावशी! असं बोलू नकोस ना."

"का नको? बरंच झालं की. नाहीतरी पडूनच होते." ती माझ्या गालाला हात लावते. हात ओला आणि गार आहे, सकाळी फुलांवर पाणी मारताना व्हायचा तसा. आता मात्र मला रडू येतंच. ती पदरानं माझे डोळे पुसते. "रडायचं नाही. कामावर जायचंय ना? बोट दे इकडे."

ती सोपाचा एक दोरा काढते, माझ्या उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळते आणि डाव्या हातानं तिची ती उलटी गाठ मारते. घट्ट.

"हे कशाला?"

"आत गेलीस की परत हो सर सुरू करशील. टोचेल मग, आठवण राहील. फडकं बाजूला करायचं. काय करायचं?"

"फडकं बाजूला करायचं."

लिफ्ट थांबते. दार उघडतं तर बाहेर फाटक आहे, कंपनीचं, आणि सकाळचं लख्ख ऊन. मी मावशीचा हात ओढते. "चल, उतर."

"तुझा मजला आला," ती म्हणते. "तू उतर. मी अजून थोडी वर-खाली करते. पैसे नाही ना पडत?"

"नाही मावशी. कितीही कर."

"मग जा तू. खोळंबा करू नकोस." आणि ती स्वतःच बटण दाबते. एकदा, दोनदा, आणखी एकदा. वर जाताना तिचं हसणं मला बराच वेळ ऐकू येत राहतं.

"मॅडम. ओ मॅडम! गेट आलं."

ड्रायव्हर आरशातून बघतोय. बस रिकामी झालीय. शेजारची मुलगी केव्हाच उतरलीय. मी धडपडत उठते. पायात सँडलच आहेत. मांडीवरचं पुडकं सुटलंय, पान उघडलंय आणि फुग्यांचा वास सुटलाय. वरचा दोरा जागेवर नाही.

तो माझ्या बोटाला आहे. उजव्या हाताच्या, पहिल्या बोटाला. झोपेत चाळा करता करता मीच गुंडाळला असेन, दुसरं काय? मी गाठ सोडायला जाते. सुटत नाही. नीट बघते तर उलटी पडलीय. मी उजव्या हातानं काम करणारी आहे हो. ही गाठ मला कधीच जमली नाही, मावशीनं किती वेळा शिकवली तरी. दोरा अजून ओला आहे.

आत एचआरच्या मॅडम बसल्यात, चष्मा, समोर हजेरीचं यंत्र. "प्रिस्का तुस्कानो? या. उजव्या हाताचं पहिलं बोट इथं ठेवा. ते काय बांधलंय? काढा ते."

"निघत नाही मॅडम."

"निघत नाही म्हणजे?" त्या माझं बोट धरून गाठ ओढून बघतात. गाठ टोचते, चांगलीच टोचते. आणि माझं तोंड उघडतं.

"मॅडम, फोनवर बसायला मी हो म्हटलंय. ते मी मन लावून करणार. पण मी स्वतः लिफ्ट बनवून चालवलेली आहे आणि मला साइटवर जायचंय. मुलाखतीत सांगायचं राहून गेलं, म्हणून आज सांगते. मला लोखंडी टोकाचे बूट केव्हा मिळतील?"

मॅडम माझं बोट धरूनच माझ्याकडे बघत राहतात. मग सोडतात आणि समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवतात. फिरती खुर्ची आहे.

"बसा," त्या म्हणतात, "आणि कुठली लिफ्ट बनवलीत ते आधी सांगा."